गुरुवारचं पुणं

जिंतूरहून आदल्या संध्याकाळी निघालेली गाडी आम्हाला उजाडताना चाकणच्या चौकात उतरवून गेली. एक पिठाचा डबा, एक शिलाई मशीनची पेटी, पाचवी पास झालेली मनू आणि झोप न झालेली मी. समोर मोठमोठे ट्रेलर ओळीनं थांबलेले आणि त्यांच्या पाठीवर दोन मजल्यांत नव्याकोऱ्या मोटारी बसलेल्या. मनू बघतच राहिली. म्हणाली, "आई, मोटारी पण गाडीत बसून गावाला जातात?" मी म्हटलं, "जातात बाई. आणि त्यांना बसायला जागा मिळती, आपल्याला मिळत नाही." रात्रभर ती माझ्या मांडीवर होती, त्यामुळं माझे पाय माझे राहिले नव्हते.

आमचे हे, म्हणजे मनूचे वडील दत्ता, कंपनीच्या निळ्या शर्टातच आम्हाला न्यायला आले होते. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा हे चाकणला. तिथं कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून) राहायचे, दिवाळीला चार दिवस आणि एखाद्या लग्नाला दोन दिवस गावी यायचे. या वर्षी यांनी दोन खोल्या घेतल्या आणि म्हणाले, या आता. मी सरळ सांगितलं, "उन्हाळाभर बघते. करमलं तर मनूचा शाळेचा दाखला काढू आणि सहावीला तिला इथंच घालू. नाही करमलं तर शाळा उघडायच्या आत मी लेकराला घेऊन परत. मग तुम्ही दिवाळीला या, जसे येताय तसे."

यावर यांनी नुसतं डोकं खाजवलं.

जिंतूरच्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर एकच विचारता, "पुणं कसं हाय गं सुरेखा?" फोनवर किती सांगणार, म्हणून सगळं लिहून काढते. तुम्हाला ठाऊकच आहे मी काय सोडून आले ते. चांगलं चाललेलं ब्लाऊजचं दुकान, दोन गल्ल्या पलीकडं आई, आणि दुपारी चहाला तुम्ही सगळ्या. इथं काय होतं? पत्र्यावर उन्हाचा तडाखा, खिडकी उघडली की हायवेची धूळ आणि पाण्याचा टँकर आला की पळापळ.

आमच्या घरमालकीण हिराबाई मात्र भली बाई. साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसणाऱ्या. खोल्यांच्या मागं अजून थोडं वावर राखलंय आणि त्यात कांदा करतात. पहिल्याच दिवशी मला कांदाचाळ (कांदा साठवायची जाळीची खोली) दाखवली आणि म्हणाल्या, "ह्ये समदं आमचं रान व्हतं. आता कांदा कमी आन् कंपन्या जास्त पिकत्यात." वर ओंजळभर करवंदं दिली, खेडच्या डोंगराकडची, काळीभोर. ती खाऊन मनूचे ओठ दोन दिवस जांभळे होते.

पहिल्या रविवारी माझी चांगलीच फजिती झाली. सुट्टीचा दिवस, पुणं बघायला जायचं म्हणून मी भल्या सकाळी उठून धपाटे केले, मनूला नवा फ्रॉक घातला, स्वतः जरीच्या काठाची साडी नेसून ओट्यावर बसले. हे रात्रपाळी करून आले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कुणाचं लग्न हाय का?"

हिराबाई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. "आगं पोरी, हितं रविवार गुरवारी असतो!" म्हणे विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून कधीकाळी कारखान्यांची सुट्टी गुरुवारी ठरली, ती तशीच चालू आहे. रविवारी अख्खं चाकण कामावर. मी मुकाट्यानं साडी बदलली. धपाटे आम्ही मायलेकींनी घरातच खाल्ले.

मग आला खरा गुरुवार. हे सकाळी साडेसातला थर्ड शिफ्ट (रात्री अकरा ते सकाळी सात) करून आले, आंघोळ केली, चहा घेतला आणि म्हणाले, "चला." मी म्हटलं, जरा पडा की. तर म्हणाले, "ऊन चढतंय, चला." भोसरीपर्यंत हे बसमध्ये दांडा धरून उभ्यानं झोपले. घोडा झोपतो तसे. मनूनं मला कोपरानं ढोसून दाखवलं आणि आम्ही दोघी माझ्या पदरात तोंड लपवून हसलो. आता आठवलं की कसंसंच होतं.

शनिवारवाड्याचा दरवाजा बघून मात्र माझं हसणं थांबलं. त्यावर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते खिळे! मनू खिळ्याला हात लावून म्हणाली, "हत्तीला कळायचं का गं आधी?" हे मोठ्या ऐटीत आम्हाला सांगायला लागले, हा दिल्ली दरवाजा, हे अमुक, ते तमुक. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की हे बोर्डावरचं वाचून सांगताहेत. नगारखान्यावर चढायचा जिना कुठंय, हे यांनी रखवालदाराला विचारलं तेव्हा मी यांना धरलंच.

"तुम्ही इथं याआधी आला नव्हता?"

"नाही."

"सहा वर्षांत एकदा पण नाही?"

"कुणाबरोबर येणार?"

मी मनूचा हात धरला आणि आत निघाले. आत नुसती जोती उरलीत, कारंजी कोरडी आणि ऊन तर मी म्हणत होतं. मनूनं दहादा विचारलं, "वाडा कुठाय?" बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. यांनी दुसरा ग्लास मागवला आणि तो येईस्तोवर टेबलावर डोकं ठेवून झोपले.

दुसऱ्या गुरुवारी मेट्रो. नाशिक फाट्याला ती वर डोक्यावरून धावते आणि शहरात आल्यावर जमिनीखाली शिरते. मनूला ते पटेचना. मंडईच्या स्टेशनवर सरकत्या जिन्यानं वर येताना मी यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता. तुम्ही हसा खुशाल, तुमची पण हीच गत झाली असती. वर आलं की समोर मंडई, दगडी, उंच, मध्ये मनोरा. भाजीवाल्या बायका उंच ओट्यांवर बसलेल्या, गिऱ्हाईक खाली. मला ते फार आवडलं. बाई वर, गिऱ्हाईक खाली, असंच पाहिजे.

आणि मग बोहरी आळी! बायांनो, तिथं मी वेडीच झाले. एका दुकानात नुसत्या लेस, दुसऱ्यात नुसती बटणं, तिसऱ्यात अस्तराचे एवढे रंग, की आपल्या जिंतूरच्या अख्ख्या पेठेत मिळून तेवढे निघणार नाहीत. मी एका दुकानदाराला मोतिया रंगाचं अस्तर मागितलं. त्यानं चार मोतिया काढून ठेवले. "ताई, यातला तुमचा कोणता?"

"एवढे मोतिया असतात होय?"

"आमच्याकडं असतात," तो म्हणाला, नाक वर न करता. उलट प्रत्येक तुकडा उन्हात धरून त्यानं मला फरक दाखवला. पुण्याचे दुकानदार खेकसतात असं मी ऐकून होते. मला तरी तसा भेटला नाही, देव त्याचं भलं करो. त्यानंतर आम्ही मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध) प्यायलो. मनूनं ग्लास चमच्यानं खरवडून खरवडून अख्ख्या दुकानाला ऐकवला.

पण खरं सांगू? पुणं सहा तासांचं, चाकण सहा दिवसांचं. शुक्रवार उजाडला की पुन्हा तीच धूळ आणि तीच दुपार. हे दिवसा झोपलेले, म्हणून मनूला "हळू बोल, हळू बोल" करत मी चोरासारखी घरात वावरायची. मशीन चालवता येत नाही, आवाज होतो. एका दुपारी हिराबाईंच्या ओट्यावर बसून मी चक्क रडले. म्हटलं, "मावशी, माझं मन काही लागत नाही. जाईन म्हणते परत."

त्या कांदे निवडत होत्या. म्हणाल्या, "जायचं तर जा पोरी, आमी कोन अडवनारं? पर त्याला एकदा नीट इचारून जा, त्याच्या मनात काय हाय ते." मी म्हटलं, तो माणूस जागा असेल तर विचारू ना!

चौथ्या गुरुवारी पर्वती. संध्याकाळी पाचला आम्ही पायऱ्या चढायला लागलो. रुंद, बसक्या पायऱ्या, हत्ती चढावेत अशा. अर्ध्या वाटेवर हे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," आणि कठड्याला टेकून बसले. आम्ही वर गेलो, दर्शन घेतलं, सगळं पुणं पायाशी पसरलेलं बघितलं. इकडं सिंहगडाचा डोंगर, तिकडं उंच उंच इमारती, मधूनमधून झाडांचे हिरवे ठिपके. वारा तर असा, की महिनाभराचा उकाडा निघून गेला. मनू म्हणाली, "बाबांना हे दाखवायला पाहिजे." अर्धा तास झाला तरी बाबांचा पत्ता नाही. खाली येऊन बघते तर हे पायरीवर आडवे, तोंड उघडं, आणि लोक वळसा घालून चाललेले.

माझं डोकंच फिरलं. मी मोठ्यानं म्हटलं, "उठा! हे कसलं फिरणं म्हणायचं? झोपायचंच होतं तर आणलं कशाला आम्हाला?"

"वहिनी, झोपू द्या हो त्याला."

मागं वळले, तर कंपनीत यांच्याच लाइनवर काम करणारे कदम भाऊ. मूळचे चिपळूणकडचे, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बायको-मुलांना घेऊन तेही पर्वतीवर आले होते. गुरुवारी पुण्यात हिंडणारी निम्मी माणसं आमच्याकडचीच असतात, हे मला एव्हाना कळलं होतं.

"महिन्यावर झालं, एकटा थर्डच मारतोय तो," कदम म्हणाले.

"पाळ्यांचं रोटेशन आहे ना? हे दर आठवड्याला म्हणतात, पुढल्या आठवड्यापासून फर्स्ट लागेल."

कदमांनी बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "सांगून टाका आता."

"रोटेशन आमचं आहे वहिनी, याचं नाही. गुरुवारी मशीनच्या मेंटेनन्सला माणसं लागतात, ओव्हरटाइम असतो. दत्ता त्यात पक्का माणूस, साहेब त्याला सोडत नाहीत. यानं एप्रिलमध्येच साहेबांना सांगितलं, घरची माणसं येताहेत, उन्हाळाभर माझा एक पण गुरुवार घेऊ नका. साहेब म्हणाले, बदल्यात काय? हा म्हणाला, थर्ड शिफ्ट कुणालाच नको असते, सगळ्या उन्हाळ्याची मी करतो."

मी यांच्याकडं बघितलं. मनू शेजारी बसून ओढणीनं बाबांना वारा घालत होती. मला इतकी लाज वाटली, की कदमांपुढं नीट उभंही राहवेना. महिनाभर मी या माणसाच्या झोपेवर हसत होते, चिडत होते. आणि तो अक्षर न बोलता मला पुणं दाखवत होता, त्यानं स्वतः कधी न बघितलेलं.

मी यांना उठवलं नाही. अंधार पडायच्या बेताला हे आपोआप जागे झाले आणि म्हणाले, "झालं का दर्शन? चला वर."

त्यानंतरचा आठवडा मी गप्पच होते. काय बोलावं सुचत नव्हतं. हे दोनदा म्हणाले, "काहून बोलेना गेलीस?" मी म्हटलं, "काही नाही." माझं मन बदललंय हे मला कळलं होतं, पण शब्द काही जुळत नव्हते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते.

पुढचा गुरुवार आला. हे शिफ्टवरून आले तशी मी म्हटलं, "आज नको कुठं. माझं डोकं दुखतंय. तुम्ही पण पडा." खोटंच. पण यांना झोपवायला मला दुसरा उपाय दिसेना. हे पडले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी पडदा ओढला, पंखा मोठा केला, हिराबाईंना सांगितलं, "मावशी, आम्ही दोघी पुण्याला जाऊन येतो, हे उठले की सांगा," आणि मोठी बॅग खांद्याला लावून निघाले, अस्तर-लेस आणायची होती म्हणून.

आमची आम्ही! भोसरीच्या बसला हात मी केला, मेट्रोचं तिकीट मनूनं काढलं. एक स्टेशन आधीच उतरलो ही गोष्ट वेगळी. मंडईऐवजी कसब्यात निघालो. पण चुकलो ते बरंच झालं. चालता चालता तांबट आळीत शिरलो, तर दोन्ही बाजूंनी ठणठण, ठणठण. तांब्याची भांडी हातानं ठोकून घडवताहेत. एक आजोबा घंगाळाला गोल गोल फिरवत ठोके देत होते, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला बरोबर लागून. मी टाके बघणारी बाई, मला ते कळलं. म्हटलं, "बाबा, रेघ न आखता एवढं सरळ कसं जातं हो?"

"कान सांगतो," ते म्हणाले. "चुकला की आवाज बदलतो. कुठून आलात?"

"चाकणहून," मी म्हटलं.

मनूनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं चालायला लागले.

बोहरी आळीत मी रिळं, अस्तर, हुक, सगळं भरभरून घेतलं. चाकणला ब्लाऊज शिवायचे तर माल इथूनच न्यायला पाहिजे ना! मोतियावाल्या दुकानदारानं ओळखलं, "ताई, पुन्हा आलात?" म्हणून मनूला लेसचा एक तुकडा फुकट दिला. आम्ही मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत. चारच्या सुमाराला यांना फोन करावा म्हणून पिशवी चाचपते, तर फोन कुठाय? घरी, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी, चार्जिंगला. म्हटलं, राहू दे, हिराबाईंनी सांगितलंच असेल.

हिराबाईंनी सांगितलं नव्हतं. आम्ही निघाल्यावर अर्ध्या तासात त्यांना राजगुरुनगरहून लेकीचा फोन आला, नातवाला ताप, आणि म्हातारी होती तशी कुलूप लावून बसमध्ये बसली. हे बाराला उठले. घरात कुणी नाही, बॅग नाही, डोकं दुखत असलेली बायको नाही, लेक नाही. फोन लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला. आणि आठवडाभर मी तोंडाला कुलूप लावून बसलेली. तुम्हीच सांगा, माणसानं काय समजावं?

संध्याकाळी आम्ही चाकणच्या चौकात उतरलो. समोर हे, फुटपाथवर बसलेले, हातात पाण्याची बाटली, चेहरा उतरलेला. मनू "बाबा!" करत पळाली. हे एकदम उभे राहिले, तिला धरलं आणि माझ्याकडं वळले. म्हणाले, "तुझ्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, इकडं निघाली असंल तर अजून पोचली नाही. त्या पण रडायल्यात."

"अगं बाई! मी पुण्याला गेले होते हो. तुम्हाला झोपू द्यावं म्हणून."

"मला वाटलं, गेलीस."

एवढंच म्हणाले. मग खिशातून एक कागद काढला. त्याच रात्रीच्या जिंतूर गाडीचं तिकीट. एकच.

"आम्हाला परत आणायला निघाला होता होय?"

"नाही. मनाविरुद्ध कसं आणणार?" हे खाली बघत म्हणाले. "तू म्हणशील तसं करू, एवढं तोंडावर सांगायला. बारा वर्षांत कधी सांगितलंच नाही."

रस्त्यावरून ट्रेलर चालले होते, धूळ उडत होती, आणि मी भर चौकात, माणसांत, रडले. लाजबीज काही वाटली नाही. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "कदम भाऊंनी मला सगळं सांगितलंय, पर्वतीवर. आता तिकीट मोडू नका. उद्याची रजा टाका आणि जा. हेडमास्तर गावातच आहेत. मनूचा दाखला घेऊन या."

हे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी हिंदीतून बोलतेय.

"अन् गाडीत झोपा," मी म्हटलं. "आईला आधी फोन करा, ती बिचारी अजून रडत असेल."

तर पुणं कसं आहे? मोठं आहे, महाग आहे, आणि दमवतं. पण मी त्या शहराचे उपकार विसरणार नाही. दिवाळीचा पाहुणा म्हणून ओळखत होते त्या माणसाला तिथं मी नवरा म्हणून पहिल्यांदा बघितलं, कधी बसच्या दांड्याला, कधी रसाच्या टेबलावर, कधी पर्वतीच्या पायरीवर झोपलेला. आणि हिराबाईंचे, कदम भाऊंचे, त्या दुकानदाराचे उपकार आहेतच. परक्या मुलखात एवढी माणसं मिळायला नशीब लागतं.

शनिवारी सकाळी हे परत आले. बॅगेतून आईनं दिलेला काळा मसाला काढला, तुम्ही दिलेल्या शेवया काढल्या, आणि सगळ्यात शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला. मी हात पुसून तो वाचायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. खाली छापलेलं होतं, शाळा सोडल्याचे कारण. म्हणे हेडमास्तरांनी विचारलं, काय लिहू, बदली का स्थलांतर? यांनी काय सांगितलं ते त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तसंच्या तसं लिहून दिलं होतं.

वडिलांजवळ राहण्यासाठी.